वीटभट्टीची वाट कोण ठरवतं?

भात झोडून झालं, दिवाळी सरली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कातकरीवाड्या, ठाकूरपाडे रिकामे होऊ लागतात. दारांना कड्या लागतात, टेम्पोत पातेली, गोधड्या, कोंबड्या आणि पोरंबाळं चढतात. भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर हे संसार पुन्हा मांडले जातात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. पुढच्या दिवाळीनंतर तेच.

अशा एखाद्या कुटुंबाबद्दल तिघांना विचारून पाहावं. भट्टीचा शेठ म्हणेल, ‘कोणी ओढून आणलंय का? राजीखुशीनं आलेत.’ घरातली म्हातारी म्हणेल, ‘आमच्या नशिबी भट्टीच.’ वाडीवरच्या शाळेतले गुरुजी म्हणतील, ‘दुसरा इलाजच काय होता त्यांना?’ एकाच घटनेची ही तीन उत्तरं: मर्जी, नशीब आणि नाइलाज. माणूस आपल्या कृती स्वतः ठरवतो की त्या आधीच ठरलेल्या असतात, या जुन्या प्रश्नाची तीन टोकं या तीन उत्तरांत आहेत. हा प्रश्न नेहमी ग्रंथांतून आणि प्रयोगशाळांतून चर्चिला जातो. तिथे आपणही जाऊ, पण तिथलं उत्तर खरं की खोटं हे तपासायला मला भट्टीचीच जागा योग्य वाटते. तिथे ‘मर्जी’ या शब्दावर माणसांची वर्षं अवलंबून असतात.

सटवाईचं लिहिणं आणि कारणांची साखळी

बाळाच्या जन्मानंतर सटवाई रात्री येऊन कपाळावर त्याचं पुढचं आयुष्य लिहून जाते, अशी आपल्याकडची समजूत आहे. या कल्पनेत एक गोष्ट पक्की असते. तुम्ही काहीही करा, पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, जे लिहिलंय ते गाठतंच. माणसाच्या करण्या-न करण्याने शेवट बदलत नाही. हा दैववाद.

शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ ज्याला नियतत्ववाद म्हणतात तो वेगळा. त्याचं म्हणणं इतकंच, की प्रत्येक घटनेला आधीची कारणं असतात आणि ती सगळी कारणं जशीच्या तशी असतील तर परिणामही तोच होणार. फ्रेंच गणिती लाप्लास याने १८१४ साली हे टोकाला नेऊन मांडलं. विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरचे जोर एखाद्या बुद्धीला या क्षणी ठाऊक असतील, तर तिला सगळा भूतकाळ आणि सगळा भविष्यकाळ मोजून सांगता येईल.

दोन्ही मतं ऐकताना सारखीच वाटतात आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. दैववादात तुमचा निर्णय निरुपयोगी असतो. नियतत्ववादात तुमचा निर्णय हा साखळीतलाच एक दुवा असतो आणि परिणाम त्याच्यातूनच घडतो. सापाचं विष चढलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं की भगताकडे, यात दैववाद्याला फरक दिसणार नाही. नियतत्ववाद्याला तो दिसलाच पाहिजे, कारण वेगळं कारण म्हणजे वेगळा परिणाम हेच तर त्याचं मत. म्हातारीच्या ‘नशिबी भट्टीच’ या वाक्यात ही दोन्ही मतं मिसळलेली असतात. तिने तीन पिढ्या भट्टीवर गेलेल्या पाहिल्या, म्हणून कारणांची साखळी तिला बरोबर दिसते. मात्र साखळीतला एकही दुवा बदलता येत नाही, असा अर्थ तिने त्यातून काढला, तर तो सटवाईकडून आलेला असतो.

कर्माच्या भाषेत हाच पेच आपल्याकडे फार जुना आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असं एक अख्खं प्रकरण त्यासाठी आहे. कर्मयोग सांगायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न वगळून पुढे जाता आलं नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. माणसाला काही करता येत असेल, तरच त्याला ‘कर’ म्हणण्यात अर्थ.

मेंदू आधी की आपण आधी?

विसाव्या शतकात हा वाद प्रयोगशाळेत गेला. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग सगळ्यांत गाजला. माणसाला खुर्चीत बसवलं, डोक्याला विजेचे संकेत टिपणाऱ्या तारा लावल्या आणि सांगितलं, ‘मनात येईल तेव्हा मनगट हलवा.’ समोर एक ठिपका वेगाने गोल फिरत होता. हलवायची इच्छा मनात आली तेव्हा ठिपका कुठे होता, तेवढं नंतर सांगायचं. इच्छा झाल्याची जाणीव हालचालीच्या साधारण ०.२ सेकंद आधी होते, असं दिसलं. पण मेंदूतला विद्युत् संकेत हालचालीच्या सुमारे ०.५५ सेकंद आधीच चढू लागलेला होता. म्हणजे ‘मी ठरवलं’ असं माणसाला वाटायच्या आधी मेंदूत काहीतरी सुरू झालं होतं.

२००८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग करून याच्याही पुढचं दाखवलं. डावं बटण दाबणार की उजवं, याचा अंदाज मेंदूतल्या हालचालींवरून काही सेकंद आधी बांधता येत होता. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, की इच्छास्वातंत्र्य संपलं. त्या अंदाजाची अचूकता मात्र साधारण ६० टक्के होती. नाणं उडवून ५० टक्के मिळतेच. मेंदूचा कल आधी दिसतो, एवढं यातून सिद्ध होतं. निकाल आधी लागलेला असतो, हे सिद्ध होत नाही.

२०१२ साली आरोन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिबेटच्या संकेताचाच वेगळा अर्थ लावला. तो समजायला लावणीनंतरचं भाताचं खाचर डोळ्यांपुढे आणा. पाऊस कमीजास्त पडतोय, वाऱ्याने पाण्यावर लहरी उठतायत, पातळी सारखी वरखाली होतेय. कधीतरी पाणी बांधावरून ओसंडतं. आता ओसंडण्याच्या क्षणापासून उलटं मोजत गेलात, तर पातळी थोडा वेळ चढतच होती असं दिसणारच, कारण आपण मोजायला ओसंडण्याचेच क्षण निवडले आहेत. पातळी चढू लागली त्याच क्षणी ओसंडणं ठरलं होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. ती पुन्हा उतरलीही असती. मेंदूतही असे चढउतार सतत चालू असतात. ‘केव्हाही हलवा’ असं सांगितलेल्या माणसाला अमुकच क्षणी हलवायचं काही कारण नसतं, म्हणून चढउतार उंबरठा ओलांडतो तेव्हा हात हलतो. २०१६ साली बर्लिनमधल्या एका प्रयोगात असंही आढळलं, की संकेत सुरू झाल्यावरही माणूस हालचाल रोखू शकतो. मात्र शेवटच्या सुमारे ०.२ सेकंदांत ते जमत नाही.

या प्रयोगांबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. उगाच मनगट हलवण्यामागे कसलाही विचार नसतो. यंदा भट्टीवर जायचं की नाही, पोरीला आश्रमशाळेत ठेवायचं की सोबत न्यायचं, हे निर्णय नवराबायको रात्र-रात्र बोलून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, धान्याच्या कणगीत डोकावून घेतात. अर्ध्या सेकंदाचं मोजमाप त्यांना लागू पडत नाही.

चौकट : शब्द समजून घेऊ
दैववाद : तुम्ही काहीही केलंत तरी शेवट ठरलेला आहे.
नियतत्ववाद : प्रत्येक गोष्टीला आधीची कारणं असतात. तुमचा निर्णय हे त्यांतलंच एक कारण.
इच्छास्वातंत्र्य : विचार करून निवडण्याची आणि निवडलेलं करण्याची माणसाची क्षमता.
समन्वयवाद : कारणांची साखळी खरी मानूनही माणूस स्वतंत्र असू शकतो, हे मत. या लेखाचं मत तेच.

कारण वेगळं, सक्ती वेगळी

स्वतंत्र निर्णय म्हणजे कारण नसलेला निर्णय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती जरा तपासली की टिकत नाही. मुरबाडचा एक मुलगा दहावीनंतर आयटीआयला जायचं ठरवतो. का? मामाने सांगितलं, एसटीचा पास मिळतो, त्याला यंत्रांची आवड आहे, एमआयडीसीत काम मिळेल अशी आशा आहे. या निर्णयाला चार कारणं आहेत आणि तो त्याचा स्वतःचा निर्णय आहे. याउलट अजिबात कारण नसताना त्याचे पाय कुठेतरी वळले, तर त्याला आपण स्वतंत्र म्हणणार नाही, आजारी म्हणू. अणूंच्या जगात काही घटना निव्वळ योगायोगाने घडतात, असं पुंजभौतिकी सांगतं. पण योगायोगाने हललेला हातही माझा निर्णय ठरत नाही.

म्हणून कारणं आहेत की नाहीत, हे विचारून उपयोग नाही. ती असतातच. विचारायचं ते हे, की माणसाला ती कारणं पाहता आली का, तोलता आली का, आणि ‘नको’ म्हटलं असतं तर जगता येईल अशी दुसरी वाट होती का? आयटीआयच्या मुलाला तिन्ही गोष्टी होत्या. भट्टीवर जाणाऱ्या बापाला पहिल्या दोन असतात. तिसरी बहुतेक वेळा नसते. त्याचा मेंदू शाबूत आहे, विचार नेटका आहे, आणि तरीही तो स्वतंत्र नाही. त्याचं स्वातंत्र्य डोक्याबाहेर अडकलेलं आहे.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी २०२३ साली ‘डिटरमाइन्ड’ या पुस्तकात उलट बाजू जोरात मांडली. या क्षणातले मज्जापेशींचे संकेत, सकाळपासूनची भूक, बालपण, आईच्या पोटातले महिने, पूर्वजांची संस्कृती अशी सगळी साखळी ते उलगडतात आणि म्हणतात, यात स्वातंत्र्याला कुठेच जागा नाही. साखळी मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही, कारण त्या हिशेबात आयटीआयचा मुलगा आणि भट्टीवर जाणारा बाप दोघेही सारखेच परतंत्र ठरतात. त्या दोघांतला फरक ज्या सिद्धांताला सांगता येत नाही, तो शहापुरात काही कामाचा नाही.

वहीतला हिशोब

ही दुसरी वाट बंद कशी होते, ते पैशांत मांडलं की स्पष्ट दिसतं. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं. गौरी-गणपतीला, दुखण्याला, लग्नाला पैसा लागतो. तेव्हा मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते. समजा ती २५,००० रुपये. भट्टीवर गेल्यावर दर आठवड्याला बाजारासाठी खर्ची मिळते, समजा १,२०० रुपये. हंगाम २६ आठवड्यांचा, म्हणजे खर्चीचे झाले ३१,२००. जोडप्याच्या अंगावर एकूण ५६,२०० रुपये. आता काम. पहाटे उठून चिखल तुडवायचा आणि साच्याने विटा पाडायच्या. जोडी दिवसाला ७०० विटा पाडते आणि १४० दिवस काम होतं असं धरू. विटा झाल्या ९८,०००. हजारी ६०० रुपये दराने मजुरी ५८,८००. सहा महिन्यांनी घरी न्यायला उरले २,६०० रुपये.

आता एकच बदल करा. पोराला ताप आला, किंवा अवकाळी पावसाने कच्च्या विटा भिजल्या, आणि दहा दिवस बुडाले. विटा ७,००० कमी, मजुरी ४,२०० कमी. २,६०० शिल्लक राहायच्या ऐवजी १,६०० रुपये अंगावर. शेठ म्हणतो, ‘पुढच्या हंगामात फेडा.’ पुढच्या दिवाळीनंतरची वाट त्या दिवशी वैशाखातच ठरली. तापाच्या दहा दिवसांनी ठरवली. सटवाईची गरज कुठेच पडली नाही.

या साखळीच्या आणखी मागे गेलं की पाणी लागतं. १८९२ साली बांधून झालेलं तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे, भातसाही इथेच आहे. या जलाशयांचं पाणी मुंबईला जातं आणि आजूबाजूच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. भाताचं एक पीक निघालं की बहुतेक जमीन पुढच्या पावसापर्यंत पडून राहते. दुसरं पीक असतं, तर कार्तिकात घरीच काम असतं. निर्णय एका बापाचा असतो, पण त्याची कारणं धरणाच्या भिंतीपर्यंत पोचतात.

आजचं की उद्याचं?

‘त्यांना पुढचा विचारच नसतो, हातात पैसा दिसला की घेतात,’ असं शहरात सर्रास बोललं जातं. म्हणजे दोष संयमाचा. या बोलण्यामागे नकळत एका प्रसिद्ध प्रयोगाची छाया असते. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डमध्ये लहान मुलांपुढे खाऊ ठेवला आणि सांगितलं, आत्ता खाल्लास तर एवढाच, थांबलास तर जास्त. थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी झाली, अशी त्याची ख्याती झाली. नंतरच्या, मोठ्या अभ्यासात घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर हा संबंध बराच फिका पडला.

२०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात याच प्रयोगात एक साधी भर घातली गेली. खाऊ देण्याआधी काही मुलांना ‘थांब, छान रंग आणून देते’ असं सांगून ते खरोखर आणून दिले. इतरांना तसंच वचन देऊन शेवटी ‘नाहीत ग बाई’ असं सांगितलं. मग खाऊ. ज्यांना दिलेलं वचन पाळलं गेलं, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं, ती ३ मिनिटं. मुलांचा स्वभाव बदलला नव्हता. ‘उद्या मिळेल’ या शब्दावरचा भरवसा बदलला होता. ज्याला आयुष्यभर दाखला उद्या, घरकुल पुढच्या यादीत, मजुरी पुढच्या महिन्यात, असं ऐकायला मिळालं, त्याने आज समोर आलेली उचल घेणं हा अविचार कसा? त्याच्या अनुभवातून निघणारा तो सरळ निष्कर्ष आहे.

टंचाईचा विचारशक्तीवरही भार पडतो. तमिळनाडूतल्या ऊसउत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी कापणीआधीच्या तंगीत आणि कापणीनंतर पैसा आल्यावर अशी दोनदा घेतली गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेच शेतकरी पैसा हाती असताना जास्त गुण मिळवताना दिसले. अमेरिकेत पगाराच्या आधी-नंतर केलेल्या अशाच तपासणीत असा फरक आढळला नाही, त्यामुळे हा मुद्दा मी जपून मांडतो. तरीही ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस उद्याच्या पिठाचा हिशेब चालतो, त्याला सहा महिन्यांचा करार शांतपणे वाचता यावा ही अपेक्षा जड आहे.

साखळीत नवा दुवा

कल्पना, माहिती, दुसऱ्याचे बोल हीही कारणंच असतात, हे नियतत्ववादी आणि त्याचा विरोधक दोघेही विसरतात. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात याचा मोठा दाखला मिळतो. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वारली माणूस बायकोसकट सावकाराचा गडी व्हायचा. त्याला लग्नगडी म्हणत. ही वहिवाट इतकी मुरलेली, की ती निसर्गनियमच वाटावी. जानेवारी १९४५ मध्ये शेजारच्या कल्याण तालुक्यात टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथे आलेल्या मोजक्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्धचे विचार ऐकले. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही, असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांनी ही सगळी हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. सावकार तेच, कर्ज तेच, जमीन तीच. साखळीत भर पडली ती एका ऐकलेल्या गोष्टीची आणि ‘बाकीचेही नाही म्हणणार आहेत’ या खात्रीची. एकट्याने ‘नको’ म्हणणं आत्मघाताचं होतं, सगळ्यांनी मिळून म्हणणं शक्य झालं. दुसरी वाट अशी उघडली.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झालेले भाई कोतवाल त्याआधीच्या काळात शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्याच्या पेढ्या चालवत होते. क्रांतिकारकाच्या चरित्रात पेढीची गोष्ट तळटीपेसारखी येते, पण या लेखाच्या दृष्टीने ती मध्यवर्ती आहे. श्रावण-भाद्रपदात घरात धान्य असेल, तर उचलीची गरज कमी होते, आणि दिवाळीनंतर ‘नको’ हा शब्द तोंडात येऊ शकतो.

याच तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगडी नेसून साठीपुढच्या आज्या पाटी घेऊन अक्षरं गिरवू लागल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा उमटवला, त्या सही करू लागल्या. ‘आता या वयात काय?’ हे वाक्य किती पक्कं कारण होतं आणि ते किती सहज बदललं, हे त्यातून कळतं. वहीतला आकडा स्वतः वाचता येणं ही क्षमता भट्टीच्या हिशोबाच्या दिवशी फार मोलाची असते.

मग जबाबदार कोण?

सगळ्यालाच कारणं असतील तर शेठलाही आहेत, असं कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. बिल्डर विटेचा भाव पाडतो, कोळसा महागतो, पाऊस नुकसान करतो. शेठही साखळीतच आहे. पण साखळीत असणं दोघांना समान असलं, तरी हालचालीला जागा दोघांना समान नाही. शेठ दर वाढवू शकतो, उचल माफ करू शकतो, नफा कमी घेऊ शकतो, आणि तरी त्याची चूल पेटते. मजुराने एक हंगाम नाकारला तर पेटत नाही. ज्याला जितकी जागा, त्याची तितकी जबाबदारी, असं मी मानतो.

भारतीय कायदा या विचारापर्यंत पोचला आहे. संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने सक्तीच्या मजुरीवर बंदी घातली. सक्ती म्हणजे काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात दिलं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार काठीचा धाक म्हणजेच सक्ती, असं नाही. भूक आणि गरिबीने दुसरा पर्याय न ठेवल्यामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबला, तर तीही सक्तीच. ‘राजीखुशीनं आलेत’ हा शेठचा बचाव इथे अपुरा पडतो. मजूर आला हे खरं, पण त्याच्यापुढे दुसरी वाट होती का, हे न्यायालय विचारतं.

त्याआधीच, १९७६ साली, वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला होता. १९८०च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याच्या बळावर वेठबिगारांची सुटका करण्याचं काम उभं केलं. या कायद्याने वेठीची कर्जं रद्द केली आणि पुरावा कोणी द्यायचा तेही ठरवलं. मजुराने सांगितलं, की माझ्यावरचं हे कर्ज वेठीचं आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर येतो. वही त्याच्याकडे असते.